लाल रंगाच्या पलीकडचा डोळा

२०२० सालच्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळांची दारे कित्येक महिन्यांनी उघडली, तेव्हा आमच्या चर्चच्या पायरीवर एक तरुण स्वयंसेवक पांढरे पिस्तूल घेऊन उभा राहू लागला. मिस्साला येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर ते रोखायचे, कळ दाबायची आणि आकडा वाचून माणसाला आत सोडायचे, एवढेच त्याचे काम. रांगेतील एक मावशी मात्र दर रविवारी कपाळाऐवजी मनगट पुढे करीत. त्या यंत्रातून किरण निघतात व डोक्यात शिरतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. कोणी कितीही समजावले तरी त्या बधल्या नाहीत.

खरा प्रकार नेमका उलटा होता. नेम धरण्यापुरता एखादा लाल ठिपका सोडला, तर त्या पिस्तुलातून बाहेर काहीच येत नव्हते. किरण निघत होते ते मावशींच्या कपाळातून, आणि पिस्तूल ते मुकाट्याने झेलीत होते. तुमच्याआमच्या देहातून, चुलीवरून उतरलेल्या भांड्यातून, दुपारी तापलेल्या भिंतीतून, इतकेच काय, बर्फाच्या लादीतूनही हे किरण अहोरात्र निघत असतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, कारण इंद्रधनुष्यातील लाल रंग जेथे संपतो त्याच्या पलीकडे त्यांचा मुलूख सुरू होतो. मराठीत त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते टिपणारा डोळा माणसाने कसा घडवला, त्याचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो. तो थोडा लांबचा आहे. परंतु फिरून फिरून तो समुद्रकाठच्या एका चर्चपाशी येतो, म्हणून आमच्या वाचकांनी तो धीराने वाचावा, अशी विनंती.

प्रारंभ होतो एका ऑर्गनवादकापासून. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतील हॅनोव्हरचा. इंग्लंडात येऊन तो बाथ शहरात ऑर्गन वाजवू लागला, संगीताच्या शिकवण्या करू लागला, आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळू लागला. १७८१ साली त्याला युरेनस ग्रह सापडला व त्याचे नाव युरोपभर झाले. १८०० साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो सूर्याचे निरीक्षण करीत होता. डोळे भाजू नयेत म्हणून दुर्बिणीला रंगीत काचा लावाव्या लागत. काही काचांतून उजेड थोडा येई, पण उष्णता फार जाणवे. काहींतून उजेड पुष्कळ, पण उष्णता बेताची. रंगारंगांत उष्णतेचा वाटा वेगळा असेल काय, असा प्रश्न त्याला पडला. त्याने लोलकातून सूर्यप्रकाश टेबलावर पाडला, काजळी फासलेले तापमापक एकेका रंगात ठेवले आणि शेजारी तुलनेसाठी दुसरे तापमापक सावलीत ठेवले. जांभळ्यात पारा फॅरनहाइटचे दोन अंश चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ सात. मग त्याने तापमापक तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तेथे ठेवला. पारा तेथेही चढला, आणि तांबड्यापेक्षा अधिक चढला.

शाळेच्या पुस्तकांतून हा शोध अपघाताने लागल्याचे सांगतात: सूर्य सरकला, तापमापक रंगाबाहेर राहिला वगैरे. आम्हांस हे पटत नाही. हर्शेलने आपले निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडले त्यांत प्रयोगांची मांडणी पायरीपायरीने दिलेली आहे, आणि त्या अदृश्य जागेचा शोध त्याने जाणूनबुजून घेतलेला आहे. रंग संपला म्हणून मोजणे थांबवले नाही, हेच त्याचे मोठेपण.

हर्शेलच्या तापमापकाचा दोष हा, की तो सुस्त होता. सूर्यासारखा दाता समोर असेल तर ठीक. मेणबत्तीची वा माणसाच्या देहाची ऊब त्याला दुरून कळणे शक्य नव्हते. वाट उघडली ती १८२१ साली. सीबेक या जर्मन संशोधकाला दिसून आले की, दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकांशी जोडल्या व एक सांधा गरम केला, तर तारेजवळची चुंबकसूची हलते, म्हणजेच वीज वाहू लागते. इटलीतील लिओपोल्दो नोबिली याने असे पुष्कळ सांधे एकापुढे एक रचून जुडगा बांधला. त्याला थर्मोपाइल म्हणतात. नोबिलीचा सहकारी मॅसिदोनिओ मेल्लोनी याने हे उपकरण इतके तीक्ष्ण केले की, तीस फुटांवर उभ्या असलेल्या माणसाची ऊब त्याला कळू लागली. चर्चच्या पायरीवरील पिस्तुलात जो नखाएवढा तुकडा बसवलेला असतो, तो बहुधा या थर्मोपाइलचाच वंशज असतो. मावशींच्या मनगटासमोर दर रविवारी जे रोखले जात होते, त्याचे मूळ असे इटलीत आहे.

मेल्लोनीची कहाणी थोडी सांगण्याजोगी आहे. तो पार्मा येथे प्राध्यापक होता. १८३१ च्या राजकीय उठावात त्याने भाग घेतला म्हणून त्याला देश सोडून फ्रान्समध्ये जावे लागले. काच उजेडाला पारदर्शक असली तरी उष्णतेच्या बऱ्याचशा किरणांना ती अडवते, उलट सैंधव मिठाचा स्वच्छ खडा ते किरण सहज जाऊ देतो, हे त्याने दाखवून दिले. तेव्हापासून अवरक्त किरणांच्या प्रयोगशाळेत भिंगे व लोलक मिठाचे होऊ लागले. दमट हवेत ते विरघळू लागत, हा त्यातला त्रास. पुढे त्याला नेपल्सला बोलावण्यात आले. १८४६ साली व्हेसुव्हिअस पर्वतावर मोठ्या भिंगाने चंद्राचा प्रकाश थर्मोपाइलवर पाडून त्याने चंद्राची ऊब मोजली. शीतलतेचे वरदान म्हणून आपल्या कवींनी ज्याला गौरविले, त्या चंद्राकडूनही उष्णता येते हे कळले ते असे. १८४८ च्या धामधुमीनंतर राजकीय मतांपायी त्याची नोकरी गेली व १८५४ साली पटकीच्या साथीत तो वारला.

मेल्लोनीचे हे उपकरण रोममध्ये एका येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाती आले. फादर आंजेलो सेकी हे त्यांचे नाव. १८४८ साली येशूसंघीयांना रोममधून बाहेर पडावे लागले, तेव्हा ते प्रथम इंग्लंडातील स्टोनीहर्स्ट येथे व मग अमेरिकेतील जॉर्जटाउन येथे गेले. परत आल्यावर कोलेजिओ रोमानोच्या वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. संत इग्नेशिअसच्या चर्चवर घुमट बांधण्यासाठी भक्कम खांब उभारलेले होते. घुमट काही झाला नाही, त्याच्या जागी आतून चित्रकाराने घुमटाचा आभास रंगवला. त्या रिकाम्या राहिलेल्या खांबांवर फादर सेकींनी वेधशाळा उभी केली. दुर्बिणीला त्याहून स्थिर पाया कुठे मिळणार! १८५२ साली त्यांनी सूर्याची प्रतिमा थर्मोपाइलवर पाडून तिचा एकेक भाग मोजला. सूर्यबिंबाच्या मध्यापेक्षा कडेकडून येणारी उष्णता निम्म्याच्या आसपास भरते, असे त्यांना आढळले. सूर्याभोवती वायूचे आवरण आहे व कडेचे किरण त्यातून तिरपे येताना क्षीण होतात, असा अर्थ त्यांनी लावला. ताऱ्यांच्या वर्णपटांचे त्यांनी केलेले वर्गीकरण खगोलशास्त्राच्या इतिहासात मानाने नोंदलेले आहे. उष्णतेचे हे मोजमाप मात्र त्या मानाने विस्मरणात गेले.

त्यानंतरचे नाव अमेरिकेतील सॅम्युएल लँगली याचे. १८८० च्या सुमारास त्याने बोलोमीटर बनवला. यात प्लॅटिनमच्या केसासारख्या बारीक, काजळी फासलेल्या दोन पट्ट्या असतात. एक झाकलेली, दुसरी उघडी. उघडी पट्टी किंचित जरी तापली तरी विजेला तिचा अडसर वाढतो व काटा हलतो. अंशाच्या लाखाव्या भागाएवढा फरक हे यंत्र दाखवी. पाव मैलावर चरणारी गाय त्याला कळते, अशी त्याची ख्याती झाली. लँगलीने चंद्राकडून येणाऱ्या अवरक्त किरणांची जी मोजमापे केली, त्यांच्याच आधारे स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ साली हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. हवामानबदलाच्या आजच्या चर्चेचा एक धागा असा चंद्रप्रकाशात विणला गेला आहे.

येथवर सांगितलेले सर्व डोळे एका जातीचे. किरण पडला की आधी तापायचे, मग ते तापणे मोजायचे. दुसरी जात निराळी आहे. काही स्फटिक असे असतात की प्रकाशाचा कण थेट त्यांतील इलेक्ट्रॉनला धक्का देऊन मोकळा करतो; तापण्याची वाट पाहावी लागत नाही. यांना अर्धसंवाहक म्हणतात. या वाटेवरच्या पहिल्या पावलांत एक पाऊल भारतीय आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना, म्हणजे शिसे व गंधक यांचे खनिज, वापरून विद्युत्‌लहरी टिपणारे उपकरण केले. अमेरिकेत त्याच्या एकाधिकारासाठी १९०१ साली अर्ज झाला व १९०४ साली तो मंजूर झाला. अदृश्य लहरींप्रमाणे प्रकाशालाही ते उत्तर देत असे. बोस हे कलकत्त्याच्या सेंट झेविअर्स कॉलेजातील फादर लाफाँ या येशूसंघीय गुरूंचे विद्यार्थी. भौतिकशास्त्राची गोडी त्यांना तेथे लागली.

पण या जातीच्या डोळ्याला पैसा पुरवला तो मुख्यतः युद्धाने, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या थिओडोर केसने थॅलियम व गंधकाची घटिका बनवली. जहाजांनी अंधारात एकमेकांना अदृश्य प्रकाशाने खुणा कराव्यात, हा तिचा हेतू. (याच गृहस्थाने पुढे बोलपटाचा आवाज फिल्मवर उतरवण्याचे तंत्र घडवण्यात मोठा वाटा उचलला.) १९३३ साली बर्लिनमध्ये एडगर कुट्शर याला दिसले की, शिसे-गंधकाचा पातळ थर सुमारे तीन मायक्रॉन लांबीच्या किरणांपर्यंत पाहू शकतो. दृश्य तांबडा प्रकाश पाऊण मायक्रॉनच्या आत संपतो, हे लक्षात घेतले म्हणजे केवढी मजल मारली ते कळेल. हे ज्ञान दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने वापरले. अमेरिकेत रॉबर्ट कॅशमन याने तशाच घटिका बनवल्या. युद्धानंतर तोच थर एका क्षेपणास्त्राच्या नाकात बसला. शत्रूच्या विमानाच्या तप्त धुराड्याचा माग काढणारे हे अस्त्र १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीवरील लढाईत प्रथम वापरले गेले. त्याचे नाव साइडवाइंडर, म्हणजे उष्णता ओळखणाऱ्या एका अमेरिकन सापाचे. आपल्या सह्याद्रीतील चापडा त्याचाच भाऊबंद. डोळा व नाकपुडी यांमधल्या खळगीने तोही अंधारात भक्ष्याची ऊब जाणतो. परंतु कॅशमनच्या घटिकेनेच जेरार्ड कायपर या खगोलज्ञाने १९४७ साली मंगळाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड ओळखला. एकच डोळा, कोणाच्या कपाळी बसेल त्यावर त्याचे पाहणे अवलंबून.

आता या इतिहासातील सर्वांत कठीण वळण. माणसाचे शरीर, जमीन, समुद्र, ढग यांच्यासारख्या साध्या ऊबदार वस्तूंचे किरण दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतात. सुदैव असे की, आठ ते चौदा मायक्रॉनच्या दरम्यान हवेला जणू एक खिडकी आहे. तेथे पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड फारसा अडथळा आणत नाहीत. तीन ते पाच मायक्रॉनला दुसरी खिडकी आहे. शिसे-गंधकाचा डोळा या मोठ्या खिडकीतून पाहू शकत नव्हता. किरण जितका लांब, तितका त्याचा कण दुबळा; दहा मायक्रॉनच्या कणात दृश्य प्रकाशाच्या कणाच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढेच बळ असते. इतक्या हलक्या धक्क्याने इलेक्ट्रॉन सुटेल असा पदार्थ हवा होता.

तो इंग्लंडातील माल्व्हर्न येथील शासकीय रडार संस्थेत सापडला. लॉसन, नील्सन, पटली व यंग या चौघांनी १९५९ साली तो प्रसिद्ध केला. पाऱ्याचे व टेल्युरियमचे संयुग जवळपास धातूसारखे वागते. कॅडमियम व टेल्युरियमचे संयुग पक्के अर्धसंवाहक आहे. दोन्ही एकमेकांत कोणत्याही प्रमाणात मिसळतात. तेव्हा गृहिणी जसे मीठ चवीपुरते घालते, तसे कॅडमियम हव्या त्या किरणापुरते घालायचे! पाऱ्याच्या जागांपैकी सुमारे एकपंचमांश कॅडमियमला दिल्या की डोळा मोठ्या खिडकीतून पाहतो; तीनदशांश दिल्या की लहान खिडकीतून. सांगायला सोपे, करायला महाकठीण. तापवताना पारा वाफ होऊन निसटू पाहतो, बंद नळी फोडू शकतो. थंड होताना मिश्रण एकजीव राहत नाही. तयार स्फटिक इतका नाजूक की जरा दाबला तरी बिघडतो. प्रमाण शेकड्यात अर्ध्याने चुकले तरी डोळ्याची नजर भलतीकडे वळते. दशकानुदशके निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळा या एका स्फटिकाशी झुंजत राहिल्या. आपल्याकडे दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीनेही त्यावर काम केले. लष्करी महत्त्वामुळे या विद्येची देवघेव कोणी मोकळ्या हाताने करीत नाही. प्रत्येकाला बरेचसे स्वतःच शिकावे लागते.

स्फटिक साधला तरी एक अडचण उरतेच, आणि ती आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. ज्या डोळ्याचा इलेक्ट्रॉन इतक्या हलक्या धक्क्याने सुटतो, त्याचा इलेक्ट्रॉन डोळ्याच्या स्वतःच्या उबेनेही सुटतो. स्वतःच बडबडणाऱ्याला दुसऱ्याची कुजबुज कशी ऐकू येणार? म्हणून या डोळ्याला गप्प करावे लागते, म्हणजेच गोठवावे लागते. द्रव नायट्रोजन शून्याखाली १९६ अंशांवर असतो; त्याच्या थंडीत तो बसवतात. त्यासाठी जी दुहेरी भिंतींची निर्वात बाटली लागते, ती जेम्स ड्यूअरने १८९२ साली केलेली. जत्रेला जाताना आपण ज्यात चहा नेतो तो थर्मास तिचाच घरगुती अवतार.

प्रयोगशाळेत नायट्रोजन ओतता येतो. आकाशात कोण ओतणार? उपग्रहांपुढे हा प्रश्न होता. १९६४ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने निंबस नावाचा उपग्रह सोडला. तो महिनाभरच चालला, परंतु त्याच्या अवरक्त यंत्राने रात्रीच्या अंधारातील ढगांची चित्रे पाठवली. तोवर उपग्रहांची कॅमेऱ्याने काढलेली चित्रे दिवसाचीच असत, आणि वादळ काही सूर्यास्ताला थांबत नाही. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड. अवरक्त चित्रात थंड माथे पांढरे शुभ्र रंगवतात. म्हणून उंच चढलेले पावसाळी ढग रात्रीही ओळखू येतात.

भारताच्या इन्सॅट मालिकेने हाच डोळा ३६ हजार किलोमीटर उंचीवर नेला. थंडाव्यासाठी युक्ती अशी की, एक काळी पट्टी कायम अथांग अवकाशाकडे तोंड करून ठेवायची. तिची उष्णता त्या अंधारात ओसरत राहते व डोळा आपोआप गार होतो. पण शेजारी सौर पंखा असेल तर त्याची ऊब पट्टीवर पडेल. म्हणून इन्सॅटला पंखा एकाच बाजूला दिला. मग सूर्यप्रकाशाच्या रेट्याने उपग्रह कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर एक शीड बांधले. होय, शीड! आमच्या कोळी बांधवांना याचे कौतुक वाटेल. एप्रिल १९८२ मध्ये गेलेल्या इन्सॅट-१ए चे शीड उघडलेच नाही, आणि तो उपग्रह काही महिन्यांतच हातचा गेला. ऑगस्ट १९८३ मध्ये गेलेला इन्सॅट-१बी मात्र उत्तम चालला. दूरदर्शनवर बातम्यांच्या शेवटी दिसणारे ढगांचे चित्र आमच्या पिढीने पाहिले, ते त्याच्या कृपेने. त्याचा अवरक्त ठिपका ११ किलोमीटर रुंदीचा असे. २०१३ साली गेलेल्या इन्सॅट-३डीचा ४ किलोमीटरचा झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच कुळातील इन्सॅट-३डीएस श्रीहरिकोट्याहून गेला.

मधल्या काळात एका घटिकेच्या जागी लाखो घटिकांची जाळी आली. पारा-कॅडमियमच्या पत्र्यावरचा प्रत्येक ठिपका इंडियम या मऊ धातूच्या सूक्ष्म थेंबाने खालच्या सिलिकॉनच्या पत्र्याला जोडतात. २००८ साली निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ वर अशी जाळी असलेले अमेरिकन उपकरण होते. त्यानेच चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा पाहिल्या व २००९ साली ती वार्ता जाहीर झाली. २०२१ च्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, जेम्स वेब दुर्बीण दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून निघाली. तिच्या एका कॅमेऱ्यात अशा दहा जाळ्या आहेत व प्रत्येकीत ४१ लाखांहून अधिक ठिपके. उड्डाणापूर्वी अनेक वर्षे आधी यातील काही जाळ्या कपाटात ठेवल्या ठेवल्या बिघडू लागल्या. इंडियम मधला पडदा ओलांडून स्फटिकात झिरपत होते. मग रचना सुधारून नव्या जाळ्या घडवाव्या लागल्या. दुर्बिणीच्या आणखी एका उपकरणातील सिलिकॉनचे डोळे तर शून्याखाली सुमारे २६६ अंशांवर ठेवलेले आहेत. सर्वांत दूरच्या दीर्घिकांची ऊब जाणून घ्यायची तर स्वतःची ऊब इतकी टाकावी लागते.

आता आम्ही प्रारंभी कबूल केलेल्या चर्चकडे वळतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे मच्छीमारांचे गाव. चुंबकीय विषुववृत्त त्याच्याजवळून जाते, म्हणून अग्निबाणांसाठी विक्रम साराभाईंनी ती जागा हेरली. तेथे संत मेरी माग्दालिनाचे चर्च होते, भोवती कोळ्यांची घरे. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी रविवारच्या उपासनेत लोकांपुढे ही गोष्ट ठेवली, आणि लोकांनी होकार दिला. घरेदारे हलली. चर्चमध्ये कचेरी आली, बिशपांच्या निवासात कारखाना. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. पुढे काही वर्षांनी, १९७० च्या सुमारास, याच केरळात पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेतली. मूळकुजीने ग्रासलेली झाडे त्यांत निराळ्या छटेची दिसली. भारतातील दूरसंवेदनाचा तो आरंभ मानतात. हे पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होत.

याच किनाऱ्यावर २०१७ साली ओखी वादळ आले. श्रीलंकेच्या जवळ निर्माण झालेला कमी दाबाचा पट्टा ३० नोव्हेंबरला काही तासांत चक्रीवादळ बनला व कन्याकुमारीला वळसा घालून अरबी समुद्रात शिरला. इन्सॅटचे डोळे वर जागेच होते. ढगांचे वेटोळे अवरक्त चित्रांत उमटत होते. न्यायाने बोलायचे तर या डोळ्यालाही मर्यादा आहे. तो ढगाचा माथा पाहतो. माथ्याखाली वारा कसा पिळवटतो आहे ते त्याला सरळ दिसत नाही, आणि ओखी फार झपाट्याने वाढले. तरीही किनाऱ्यावर सूचना निघाल्या. परंतु पूंथुरा, विळिंजम व कन्याकुमारीकडील कितीतरी नौका आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. काही तर अनेक दिवसांपूर्वी. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर मोबाइलचा आवाका संपतो. आकाशातून जे दिसले ते त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा शब्दच नव्हता. शेकडो माणसे गेली. त्यांतील बहुतेक लॅटिन विधीच्या कॅथलिक कुटुंबांतील. ज्या किनाऱ्याने आपले चर्च अवकाशविज्ञानासाठी मोकळे करून दिले, त्याच किनाऱ्याची ती लेकरे. नाताळ तोंडावर आला होता आणि तेथील घराघरांत परत न आलेल्यांची वाट पाहिली जात होती.

वादळाने ज्यांना उत्तरेकडे लोटले, त्यांतील ६८ नौका आपल्या सिंधुदुर्ग किनाऱ्याला लागल्या. त्यांत ९५२ मच्छीमार होते. मल्याळम्‌ व तमिळ बोलणाऱ्या त्या माणसांची सोय देवगडकरांनी केली. ५ डिसेंबरला मुंबईच्या शाळांना सुट्टी दिली गेली व वसई-उत्तनच्या कोळीवाड्यांत नौका वर ओढून ठेवल्या गेल्या. आम्हांला वादळाची झळ लागली ती तेवढीच, अवेळी आलेल्या पावसाची.

ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राने मच्छीमारांसाठी जेमिनी नावाची एक लहान पेटी काढली. उपग्रहाकडून आलेली वादळाची सूचना ती खोल समुद्रातही घेते व नावेतील मोबाइलवर मातृभाषेत दाखवते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान अवरक्त किरणांनी मोजून मासळी कोठे असेल याचा अंदाज हेच केंद्र देत आले आहे. तोही तीवर येतो. पेटीची एक उणीव तेव्हाच सांगितली गेली होती. चर्चच्या पायरीवरील त्या पिस्तुलाप्रमाणे ती फक्त घेते. नावेतल्या माणसाला तिच्यातून किनाऱ्यावर काही सांगता येत नाही.